दाजींना आघाडीवर पाठवलं तेव्हा...

मागच्या रविवारी दुपारी, सुरतेतल्या कोसाडच्या आमच्या छोट्याशा घरात एक मोठं युद्ध संपलं. कॉम्प्युटरवरचंच... पण त्याचे परिणाम घरात दिसायला लागलेत, म्हणून लिहितेय.

मी सुरतेजवळच्या सचिन या औद्योगिक वसाहतीत, एका मिलमध्ये साड्यांची डिझाइन्स करते. कामासाठी घरी चांगला कॉम्प्युटर घेतला, आणि चांगला कॉम्प्युटर घरात आला की माणूस काही साड्यांवर थांबत नाही. सुट्टीच्या दिवशी मी एक स्ट्रॅटेजी गेम खेळते. राक्षसांचा राजा, त्याचा किल्ला आणि आपली छोटीशी फौज... एक चाल आपली, एक राक्षसांची. बुद्धिबळासारखंच, फक्त इथे सोंगट्यांना जखमा होतात, आणि एकदा मेलेला शिपाई पुन्हा कधी येत नाही.

या शिपायांना हवी ती नावं देता येतात. मी घरच्यांची दिली. आई जखमा बऱ्या करणारी वैद्य, ताई तिरंदाज, माझे बॉस सामान वाहणारं खेचर. आणि ताईचे मिस्टर, म्हणजे आमचे दाजी, पांढऱ्या घोड्यावरचे सरदार. हे शेवटचं नाव देणं चुकलंच, पण ते कळायला वेळ लागला.

आई शेजारी भाजी निवडत बसते आणि गेम सिरियलसारखा बघते. अगदी सुरुवातीच्या एका लढाईत दाजींना बाण लागला, तेव्हा तिच्या हातातली मेथी हातातच राहिली. "जवाई शेतस त्या आपला. त्यासले पुढे काब्र धाडस? मांगे ठेव." घरात ती अहिराणीच बोलते. थोडक्यात काय, तर जावयाला पुढे पाठवायचं नाही. मग मीही सरदारांना मागे तंबूजवळ ठेवलं. आईशी कोण वाद घालणार...

झालं असं की लढून लढून आई, ताई, अगदी खेचरसुद्धा तरबेज झालं. सरदार मात्र कोरे करकरीत. त्या एका बाणानंतर चिलखतावर एक ओरखडा नाही.

खरे दाजीही सध्या तसेच बसून आहेत. हजीऱ्याला एका कारखान्यात ते फिटर होते. काँट्रॅक्ट संपलं, भाड्याची खोली सोडावी लागली, आणि नवीन काम मिळेपर्यंत दोघं आमच्याकडे राहायला आली. ताई सकाळी तिच्या कामावर जाते, दाजी सोफ्यावर. पाणी घ्यायला उठले तरी आई धावत येते. भाजी मी आणतो म्हणाले, तर तिचं ठरलेलं उत्तर, "जवाईले कोनी काम सांगस का?"

पहिलं ताट त्यांचं, पंख्याखालची जागा त्यांची. आईच्या मनात काही वावगं नाही, तिच्या माहेरी असंच चालायचं. पण इतका मान मिळाला की माणूस हळूहळू आक्रसत जातो... दाजी दिवसभर तोच पेपर उलटून पालटून वाचायचे. मला वाईट वाटायचं, पण सासू-जावयाच्या मध्ये मी काय बोलणार?

तर शेवटची लढाई. किल्ल्याचा दरवाजा दर चालीला थोडा थोडा बंद होत होता. कुणीतरी उंबऱ्यात पाय रोवून उभं राहिलं तरच तो उघडा राहणार, आणि बाकीचे आत शिरणार. जो उभा राहील त्याच्यावर सगळे राक्षस तुटून पडणार, हे उघड होतं.

ताई जखमी होती, आईची औषधं संपली होती, खेचर कुठेतरी मागे राहिलं होतं. एका चालीत तिथवर पोचेल असा फक्त घोडा. मी माउस हातात धरून बसून राहिले. आईनेही शेंगा सोलणं थांबवलं... तिला सगळं कळत होतं.

तेवढ्यात सोफ्यावरून दाजी म्हणाले, "मला पाठव ना."

मग जरा हळू आवाजात, "तेवढं तरी करू द्या मला." हे म्हणताना ते स्क्रीनकडे बघत नव्हते, आईकडे बघत होते.

मी आईला न विचारता क्लिक केलं.

घोडा सुटला तो थेट उंबऱ्यात. लढायचा सराव नव्हताच, त्यामुळे राक्षसांनी त्याला धू धू धुतला. पण दरवाजा उघडा राहिला. बाकीचे आत घुसले, आणि ताईच्या बाणाने राक्षसांचा राजा कोसळला.

"मी गेलो का?" दाजींनी विचारलं. मी हो म्हटलं.

"पण काम झालं ना?"

"झालं."

दाजी हसले. आमच्याकडे राहायला आल्यापासून पहिल्यांदा, असं मोकळं. आई शेंगा घेऊन स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, आता माझी काही खैर नाही...

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघाले होते. आईने गव्हाचा डबा दाजींच्या पुढ्यात आणून ठेवला. "घंटीवर जाई या जरा." सुरतेत गिरणीला घंटीच म्हणतात. तिचं बोलणं संपायच्या आत दाजींच्या पायात चप्पल होती.

रात्री जेवायला बसलो. आईने पहिला घास घेतला, थांबली, आणि सरळ जावयाला म्हणाली, "पीठ भरड दयी लयनात. पुढला टाइमले बारीक सांगज्यात."

आमच्या घरात आजवर कोणी जावयाला नावं ठेवलेली नाहीत. ताई माझ्याकडे बघायला लागली, मी ताटाकडे. दाजी फक्त "बरं" म्हणाले... पण इतक्या समाधानाने बोलणी खाणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

काम अजून मिळालेलं नाही, मिळेल. तोवर आईने त्यांना रोज असंच काहीबाही ऐकवत राहावं, एवढीच इच्छा आहे.