दोनदा घातलेला बांध

रोह्याच्या आमच्या फुटबॉल क्लबच्या अध्यक्षांनी माझ्या थोरल्या बहिणीला फसवलं. तिच्यासोबत पेणच्या खाडीकाठच्या आमच्या गावातल्या घराघराला फसवलं, आणि ते माझ्या तोंडून फसवलं. हे शेवटचं मला गिळवत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

माझा धंदा पिंपांचा. धाटावच्या कंपन्यांमधून रिकामी झालेली लोखंडी आणि प्लॅस्टिकची पिंपं उचलायची, धुवायची, ठोकून सरळ करायची आणि विकायची. आईबाप मिठागरावर राबले. मी धाटावला गोणी उचलायला आलो आणि आज माझे दोन टेम्पो आहेत. ते कुणाच्या मेहेरबानीनं आलेले नाहीत, भाव करून आलेले आहेत. कंपनीच्या स्टोअरकीपरसमोर तीनदा खुर्चीवरून उठल्याशिवाय मी कधी भाव कबूल केलेला नाही. बायको म्हणते, तुम्ही देवळाबाहेर नारळाचाही भाव करता. करतो. नारळवाला काय देव आहे?

असा मी, एका शब्दावर फसलो.

आमचं मैदान रोह्याच्या खालच्या अंगाला आहे, कुंडलिकेची खाडी व्हायला लागते तिथं. धाटावला कामाला आलेल्या दोन-तीन मल्याळी ऑपरेटरांनी त्या पड जागेवर फुटबॉल सुरू केला, मग रोह्यातले लोक त्यात शिरले आणि क्लब झाला. अडचण एकच होती. उधाणाचं पाणी सरळ मैदानात यायचं. एकदा सामना चालू असताना पेनल्टीच्या जागेवर एवढा मोठा खेकडा येऊन बसला, आणि रेफ्रीनं खिशातून कार्ड काढून त्याला दाखवलं. लोक हसले. मला हसू आलं नाही. बांध नसलेली जमीन बघितली की मला कसंतरी होतं.

मी गावाला निरोप धाडला. आमच्याकडे खाडीचा बांध फुटला, त्याला खांड पडली म्हणतात, की प्रत्येक घरातून एक माणूस घमेलं घेऊन जातो. भांडण असलं तरी जातो. ज्या चुलतभावाशी कोर्टात दावा चालू आहे त्याच्याच हातात चिखलाचं घमेलं द्यावं लागतं, आणि देतात. त्या कामाला मजुरी नसते, कागद नसतो. ज्यानं बांध घातला त्यानं बांधावर बसावं, एवढाच त्याचा हक्क. मैदानाचा बांध गावानं तसाच घातला. आमच्या घरातून बहीण आली, कारण गावच्या घरात राहते ती, मी नाही.

चिखल वाहायला आलेली बाई खेळ बघायला थांबली आणि तिला त्याचं वेड लागलं. घरचा सामना असला की पेणहून गाडी धरून ती रोह्याला यायची. कॉर्नरच्या झेंड्याच्या वर, बांधावर, गोणपाटाची घडी टाकून बसायची. ती जागा तिची. कुणी चुकून बसलं तर लोकच उठवायचे. ऑफसाइड मला आजही नीट समजावून सांगता येत नाही. तिनं गावच्या बायकांना एका वाक्यात सांगितलं, "आधी उघाडी उघडायची, मग पानी निघायचं. हा पान्याच्या आधीच पळाला, म्हनून चूक." उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार. लाइन्समनला तर ती सोडायचीच नाही. "ए झेंडेवाल्या, तो पुढं व्हता! तुझं ध्यान कुठं हाय, भज्यांच्या गाडीवर?"

मग आमचा संघ वरच्या गटात गेला आणि स्टेडियमची भाषा सुरू झाली.

सभा एका रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये भरली. अध्यक्ष स्वतः बांधकामाचे ठेकेदार. त्यांनी भिंतीवर मोठं फ्लेक्स लावलं होतं. त्यावर रंगीत स्टेडियम, तीन बाजूंना गॅलरी, हिरवंगार गवत, आणि आमच्या रोह्यात कधीच न दिसणारी गोरी माणसं खुर्च्यांवर बसलेली.

आमच्यातला एक रिक्षावाला उठला. क्लबचा सगळ्यात जुना प्रेक्षक, जिभेला हाड नाही. "अध्यक्ष, आपल्या गोलकीपरचे हातमोजे फाटलेत. बोटं बाहेर काढून बॉल धरतोय तो. आणि तुम्ही एवढ्या खुर्च्या दाखवताय. बसणार कोण, बगळे?"

हॉल हसला. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "तिकीट लागलं की मोजे येतील. बांधावर फुकट बसून क्लब चालतो का?"

"चालला की इतकी वर्षं!"

"वरच्या गटाचे नियम आहेत. प्रेक्षकांना बसायची सोय पाहिजे, कुंपण पाहिजे. नाहीतर घरचे सामने पनवेलला खेळावे लागतील."

मग भडका उडाला. एक म्हणाला, आधी चांगला स्ट्रायकर आणा. आपल्या स्ट्रायकरला कंपनीत सेकंड शिफ्ट लागली की आपण दहाच जण खेळतो. दुसरा म्हणाला, स्ट्रायकर काय दरवर्षी पळून जातो, गॅलरी पळून जात नाही. तिसरा म्हणाला, कर्ज काढा. मी विचारलं, फेडणार कोण? क्लबच्या नावावर एक शिट्टी आणि दोन जाळ्या आहेत, बँक त्या जप्त करणार का? मी अध्यक्षांना हेही विचारलं की काम कुणाला देणार. ते म्हणाले, रीतसर टेंडर निघेल. रिक्षावाला मागून ओरडला, "काढणारे तुम्ही नि भरणारे पण तुम्ही!" पुढे झालंही तेच, पण तो हिशेब मी वेगळा मागणार आहे.

स्टेडियमला वर्गणी देणाऱ्यांत निम्मे लोक बांधावर बसणारे होते आणि गॅलरीखालच्या भरावाचं काम आमच्या गावाशिवाय स्वस्तात होणार नव्हतं, हे अध्यक्षांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. म्हणून मी भाव करायला बसलो. तीनदा उठलो. तिसऱ्यांदा तर हॉलच्या दारापर्यंत गेलो. शेवटी ठरलं ते असं: गॅलरी तीन बाजूंना होईल, नदीकडची चौथी बाजू बांधाचीच राहील. तिथं तिकीट नाही, खुर्ची नाही, भिंत नाही. बदल्यात आमचं गाव भराव करून देईल.

"बांधाला हात लागणार नाही," अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाले. "शब्द दिला."

टाळ्या पडल्या. बाहेर रिक्षावाल्यानं मला गाठलं. "शेठ, लिहून घेतलंत ना?"

मी म्हणालो, "बांधाच्या कामाला कागद नसतो."

पाच पिंपांचा सौदा मी सहीशिवाय करत नाही. आणि हे वाक्य मी छाती पुढे काढून म्हणालो.

त्याच आठवड्यात गावी गेलो. बहीण वाल सोलत बसली होती. सगळं ऐकून घेऊन तिनं विचारलं, "माझी जागा रायल, असं कोन बोल्ला?"

"अध्यक्ष बोलले."

"त्याला मी वळखत नाय. तू बोल."

"मी बोलतो. राहील."

"मग येते," ती म्हणाली, आणि घमेलं कुठं ठेवलंय ते शोधायला उठली.

गावानं भराव घातला. घरटी एक माणूस. कामाच्या जागी कुणी मला काही विचारलं नाही, कारण बहिणीनं सांगितलं होतं की माझ्या भावानं शब्द दिलाय.

काम उरकल्यावर मी पिंपांचा एक मोठा सौदा करायला पंधरा दिवस वापीला गेलो. परत आलो तेव्हा नदीकडची बाजू सपाट झालेली होती. जेसीबी अजून उभाच होता. बांधाची माती गॅलरीच्या पायात गेली होती आणि बांधाच्या जागी चौथ्या भिंतीचे गज उभे राहिले होते. भिंतीच्या बाहेर गाड्यांसाठी फरशा.

अध्यक्षांच्या ऑफिसात गेलो. त्यांनी चहा मागवला. मी कप तसाच ठेवला.

"ड्रॉइंग बदलावं लागलं," ते म्हणाले. "पार्किंगशिवाय परवानगी मिळत नव्हती."

"शब्दाचं काय?"

"अहो, तुम्ही धंदेवाले आहात. परिस्थिती बदलली की भाव बदलतो, हे मी तुम्हाला सांगायचं? ताईंना आपण पास देऊ ना. पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी."

"आणि बाकीच्या घरांना?"

"सगळ्यांना कसं शक्य आहे?"

तो पास मी खिशात घालून आणला, हेही लिहून टाकतो. मला वाटलं, निदान तिची जागा राहील. तिनं तो उलटसुलट करून पाहिला आणि माझ्याच खिशात परत घातला. "मी एकटीनं घातला व्हता काय बांध?" त्यानंतर ती सामना बघायला रोह्याला आली नाही. गावात मला कुणी वाईट बोललं नाही. वाईट बोलले असते तर बरं झालं असतं, मी भांडलो असतो.

दसऱ्यानंतरच्या पौर्णिमेला उधाण आलं. अडवायला बांध नव्हता. पाणी गाड्यांच्या फरशांवरून, भिंतीखालच्या गटारातून आत शिरलं आणि नव्या गवतावर उभं राहिलं. आठ दिवसांत ते गवत पेंढ्यासारखं पिवळं पडलं. मला अध्यक्षांचा फोन आला.

"तुमची माणसं आणा. नदीच्या कडेला बांध घालून घेऊ. तुमच्याशिवाय कोण करणार?"

मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. फोन ठेवला आणि लगेच बहिणीला लावला. मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू.

"ताई, जिरली त्यांची! पाणी आत गेलं. आता आपले पाय धरतायत."

तिनं विचारलं, "खांड केवढी हाय?"

"तुला काय करायचंय गो?"

"बाजूला भातखाचरं हायत नाय? त्यांच्यात पानी गेलं का?"

खाचरांत पाणी गेलं होतं. मैदानाला लागून तीन-चार घरांची खाचरं आहेत, भात कापणीला आलेलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं.

"त्यांनी आपल्याला फसवलं, ताई."

"फसवलं. ते त्यांनी केलं. खांड पडली की जायचं असतं."

गाव आलं. माझ्याच टेम्पोतून आलं. दोन रविवार लागले. या वेळी मीही घमेलं उचललं, कारण हात बांधून बाजूला उभं राहायला मला जागाच उरली नव्हती. दुसऱ्या रविवारी अध्यक्ष वडापाव आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन आले, सोबत फोटो काढणारा. "ताई, घ्या ना," म्हणाले. बहिणीनं पदराला हात पुसले. "डबा आनलाय."

बांध पुरा झाला तेव्हा दुपार कलली होती. आत सामना सुरू झाला होता, गवताच्या नावानं उरलेल्या पिवळ्या जमिनीवर. बहिणीनं पिशवीतून गोणपाट काढलं, त्याची घडी केली आणि सवयीनं बांधावर टाकून मैदानाकडे तोंड करून बसली. समोर भिंतीची पाठ होती. भिंतीपुढे ओळीनं गाड्या.

आतून एकदम आरडाओरडा उठला. ढोल वाजला.

"कुनी मारला?" तिनं मला विचारलं.

मला माहीत नव्हतं. मी तिच्या शेजारीच बसलो होतो.

अध्यक्षमहाराज, वर्गणीचं काय झालं, टेंडर कुणाला गेलं, फरशा कुणाच्या कारखान्यातल्या, हे मी सर्वसाधारण सभेत विचारणार आहे आणि तिथं तुम्हाला कागद दाखवावे लागतील. त्याआधी एक काम करा. आमच्या गावात या. फोटोवाला आणू नका, पास आणू नका. ज्यांनी तुमचा बांध दोनदा घातला त्या घरांसमोर उभे राहा आणि पहिला बांध कुणी तोडला, कुणाच्या हुकमानं तोडला, आणि तुम्ही शब्द काय दिला होता, ते तुमच्या तोंडानं सांगा. माझ्या बहिणीला उत्तर द्या. मागच्या वेळी तुमच्या वतीनं मी दिलं होतं. या वेळी तुम्ही द्यायचं.