तगर कोणी खाल्ली?

शुक्रवार पेठेतल्या आमच्या शाळेत किस्से साठवावे लागत नाहीत, स्टाफरूममधल्या कपबशांसारखे आपोआप साठतात. यंदाचे तर सगळे एकाच तगरीचे!

तगर अंगणातली. तिची फुलं हेडसर रोज सरस्वतीच्या फोटोला वाहतात. एका सोमवारी बघतात तर शेंड्याला पान नाही आणि खाली काळ्या लेंड्या! शिपाई मारुतीमामा शाळेमागच्या खोलीत राहतात, सोबत त्यांची शेळी चंद्री. हेडसर कडाडले, "शनिवारी शेळी गावाला गेली पाहिजे!"

*

मामा वेळापूरकडचे, जन्म शेरडा-मेंढरांत गेलेला. लेंडी तळहातावर घेऊन म्हणाले, "सर, ही चंद्रीची न्हाय. मिरीएवढी हाय की! आन् चिकाच्या पाल्याला शेरडू तोंड लावत न्हाय."

हेडसरांना पटेना. मामांचा चेहरा पडला. चंद्रीला त्यांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. आम्हालाही फार वाईट वाटलं. तिच्या दुधाचा चहा आम्हीच पितो ना!

*

बुधवारी विज्ञानाच्या हत्तुरेबाईंना चोर सापडला. बोटाएवढी हिरवीगार अळी, मागे शिंग, पुढे दोन निळे डोळे.

"डोळे खोटे, भूक खरी," बाई म्हणाल्या. "हिचा मोठा पतंग होतो." अळी पाल्यासकट खोक्यात ठेवली. मामांनी खोक्याला हात जोडले, "बाई गं, सरांफुडं तेवढं खाऊन दाव!"

*

शुक्रवारी हेडसर बघायला आले. अळी तपकिरी झालेली, पानाला शिवेना.

"ही काय खाणार? ही तर चालली!"

"माजा साक्षीदार गेला!" मामा मटकन खालीच बसले. कोष करण्याआधी अळी खाणं सोडते, रंग बदलते, असं बाई सांगत होत्या. ऐकतंय कोण! शनिवारी चंद्री वेळापूरला, मामांच्या बहिणीकडे गेली. त्यानंतर मामा घंटासुद्धा हळू वाजवायचे.

*

दोन आठवड्यांनी तगरीला नवी पालवी फुटली आणि दोन दिवसांत पुन्हा गायब! खाली त्याच लेंड्या. हेडसरांनी वाकून एक लेंडी तळहातावर घेतली.

"मामा, चुकलं माझं. आजच आणा चंद्रीला."

हुश्श! त्या दिवशी बिनदुधाचा चहासुद्धा गोड लागला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी खोक्यात कोष फुटलेला आणि शेजारी हिरवा-गुलाबी पतंग पंख पसरून बसलेला! सगळी शाळा गोळा झाली. हेडसर खूश, "काय देखणा चोर आहे हो!"

तेवढ्यात बाईंनी माझा हात दाबला. अंगणात रात्रीच परत आलेली चंद्री उभी होती. तोंडात तगरीची फांदी.

मामांनी डोळेच मिटून घेतले. हेडसरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मामा," ते म्हणाले, "ती अळी जरा लांब बांधा."