विश्वनाथने सांगितलेला सिनेमा

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा माझं पोस्टिंग सीमेवर, बर्फातल्या एका फॉरवर्ड पोस्टवर झालं. आम्ही आठ जण. मराठी बोलणारे दोघंच. मी हवालदार, डोंबिवलीचा. माझ्या हाताखालचा नाईक विश्वनाथ ठाण्याच्या खाडीकाठचा कोळी.

पहाटे पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चात सज्ज, मग बर्फ उपसणं, दोन-दोन तासांचा सेंट्रीचा पहारा. दुपारी चारला विश्वनाथची कॅसेट लागायची, एका हिंदी सिनेमाची. थंडीत सेल बसायचे, म्हणून तो ते आधी काखेत धरून गरम करायचा. सिनेमा मी पाहिलेला नव्हता. प्रत्येक गाण्याआधी तो प्रसंग सांगायचा. होडी चालवणारी विधवा, मिठागरावर राबणारा तिचा मुलगा, पैलतीरावरची मुलगी. शेवट मात्र सांगेना.

"उस्ताद, सुट्टीत कल्याणला जाऊन बघू," तो मला म्हणायचा.

फेब्रुवारीत टेलिफोनची लाइन तुटली. सकाळी नऊला मी विश्वनाथला आणि एका जवानाला दुरुस्तीला पाठवलं. दहा चाळीसला वायरलेस सेटवर विश्वनाथचा आवाज आला.

"लाइन मिळाली. जोडतो. ओव्हर."

"रॉजर."

दोन मिनिटांनी वरचा बर्फ घसरला. मी सेटवर हाका देत राहिलो. जवान कमरेपर्यंत गाडला गेला होता, तो वाचला. विश्वनाथ तीन वाजून दहा मिनिटांनी सापडला. वायरचं टोक मुठीत होतं.

उन्हाळ्यात सुट्टीवर आलो तेव्हा कॅसेट घेऊन त्याच्या आईकडे गेलो. ती अंगणात मासळी वाळत घालत होती. विश्वनाथने सांगितलेली गोष्ट मी तिला सांगितली. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"त्यानं कुटं बगला तो पिच्चर? तो सुट्टीवरनं परत गेल्यावर लागला. मी बगला, गानी बरी वाटली, म्हनून धाडली."

नवरा गेल्यावर होडी तीच चालवत होती. पैलतीरावरच्या मुलीबद्दल मी विचारलं. तिला काही ठाऊक नव्हतं. कॅसेट तिने माझ्याकडेच ठेवायला सांगितली.

पुढे कल्याणच्या एका थिएटरात तो सिनेमा मॅटिनीला पुन्हा लागला. एकटाच गेलो. पडद्यावर बंगले होते, दोन भावांचं भांडण होतं, कोर्ट होतं. दुसरं गाणं सुरू झालं तसा उठून बाहेर आलो. डोंबिवली जवळ होती, तरी घरी जावंसं वाटेना. संध्याकाळपर्यंत स्टेशनातल्या बाकावर बसून राहिलो.

युनिटच्या स्मारकावर त्याचं नाव, नंबर आणि रँक आहे. विश्वनाथ गोष्ट फार छान सांगायचा, हे तिथे लिहिलेलं नाही.