हरलेल्या पैलवानाचं नाव

शिवाजीनगरच्या स्टँडवरून नगरची एस.टी. सुटली तेव्हा मला पोचवायला कोणी आलं नव्हतं. गेल्या श्रावणात बायको गेली. तेव्हापासून मी कुठे जातो नि कधी येतो, याची चौकशी करणारं माणूस घरात नाही. तरी सवयीने कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि शेजाऱ्यांना 'दोन दिवसांत येतो' म्हणून सांगितलं. ते 'बरं' म्हणाले.

मी शाळामास्तर. नाद म्हणाल तर खेळांच्या सिनेमांवर लिहिण्याचा. साहेबाने काढलेले असे सिनेमे बरेच पाहिले, त्यांतला हिंदुस्थानी गडी साधारण एकाच साच्यातला असतो. साहेब खेळतो तो खेळ आणि आपला माणूस करतो ते चेटूक. आपण काढतो त्या सिनेमांतला साहेबही काही निराळा नसतो, तो लालबुंद होऊन शेवटी हरतो. दोन्हीकडे हरणाऱ्याला घर, गाव, आईबाप असं काही नसतं.

अशा एका सिनेमासाठी हा प्रवास होता. त्यात गोरा अधिकारी एका देशी पैलवानाशी कुस्ती खेळतो. कुस्तीआधी पैलवान हौदातली (तालमीत माती भरलेल्या खड्ड्यातली) चिमूटभर माती कपाळाला लावतो आणि साहेबाची मड्डम किंचाळते, 'तो भूत बोलावतोय!' थेटरात हशा पिकला. मीही हसलो. शेजारी बसलेली बायको हसली नाही. शेवटी नावांच्या पाट्या सरकल्या तेव्हा ती म्हणाली, "अहो, साहेबाच्या घोड्याचंसुद्धा नाव आलं. त्या पैलवानाचं कुठे आलं?"

"आलं असेल," मी म्हणालो.

आलं नव्हतं. ती गेल्यावर आमच्या फिल्म सोसायटीत तोच सिनेमा पुन्हा लागला, तेव्हा मी डोळे फाडून पाट्या वाचल्या. मशीन चालवणारा ऑपरेटर नगर जिल्ह्यातला निघाला. "तो पैलवान आमच्या कर्जतकडचा," तो म्हणाला आणि गावाचं नावही सांगितलं. प्रत जागोजागी तुटत होती. शेवटच्या कुस्तीतला कापावा लागलेला वीतभर तुकडा त्याने माझ्या हातावर ठेवला. "भेटलात तर द्या त्याला."

नगरला गाडी बदलली. मिरजगावच्या रस्त्याला लागलो तसा झाडोरा संपला. दुष्काळाचं दुसरं वर्ष. शेतं वहाणेच्या तळासारखी कडक झालेली आणि रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग. त्या ढिगांशी बसून बायाबापड्या दगड फोडत होत्या. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "पावनं, कुनाकडं?" मी गावाचं नाव सांगितलं. "तितं आता कोन न्हाई. समदी खडीवर हायेत," तो म्हणाला आणि डोळे मिटून घेतले. फाट्यावर उतरलो तो मी एकटाच. पुढे तीन मैल चालत. वाटेत डाव्या वहाणेचा अंगठा तुटला, तो रुमालाने बांधून घेतला.

गावाचं नाव मी देत नाही. पैलवानाचंही देत नाही, त्याला इथे सोपान म्हणतो. का ते पुढे येईल.

सोपान घराच्या ओट्यावर एकटाच बसला होता. बायको खडीवर गेलेली. वय पन्नाशीकडचं, अंग ओसरलेलं, पण कान मात्र पैलवानाचे, चुरगळलेले. पुण्याहून आलो म्हटल्यावर त्याने आधी पाणी दिलं, अर्धा तांब्या. मग भाकरी वाढली. भाकरी तांबडी होती.

"मिलू हाय (अमेरिकेहून आलेली रेशनची ज्वारी)," तो म्हणाला. "सायबाचं धान्य. गोड लागत न्हाई, पर पोट भरतं."

ठेचा मात्र इथला होता. डोळ्यांतून पाणी काढणारा. जेवण झालं तसा मी मोठ्या उत्साहाने फिल्मचा तुकडा काढला आणि पेपर तपासायचं भिंग त्याच्या हातात दिलं. आपण एका माणसाला त्याच्या हरण्याचं चित्र भेट म्हणून देतोय, हे माझ्या टाळक्यात तोवर आलंच नव्हतं. मास्तरकी केली की अक्कल येते असं कोणी म्हणेल तर विश्वास ठेवू नका.

त्याने तुकडा उन्हाकडे धरला. भिंग डोळ्याला लावलं.

"ही पाठ कुनाची?" त्याने विचारलं.

मी पाहिलं. चौकटीत एक उघडी पाठ होती, मातीवर टेकायला आलेली, वर साहेबाचे दोन हात. "तुमचीच की. शेवटी साहेब तुम्हाला चीत करतो."

त्याने सदरा काढला आणि माझ्याकडे पाठ केली. डाव्या खांद्याखालून कण्यापर्यंत एक जाड व्रण गेला होता. "धा वर्साचा आसताना बैलानं शिंग घातलं. हाय का ह्ये तुमच्या फिल्मीत?"

मी भिंग लावून एकेक चौकट तपासली. ती पाठ गुळगुळीत होती, कुठे ओरखडासुद्धा नाही.

मग त्याने सांगितलं. शूटिंग नगरला झालं, गावातलं कोणी सोबत नव्हतं. त्याने दुभाष्याला आधीच बजावलं होतं, "हरतो म्हना, पर पाठीला माती लावनार न्हाई. गुडघ्यावर येतो." साहेबांनी मान डोलावली, तो गुडघ्यावर आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे नगरला सिनेमा लागला, तो स्वतः गेला नाही, पण गावची मंडळी पाहून आली आणि म्हणाली, सोपान चीतपट झाला. साहेबाने फिल्म मायदेशी नेऊन तिथे दुसऱ्याच कोणाची पाठ मातीला लावली असणार. साहेबाच्या हिशेबी पाठ ती पाठ, कोणाची का असेना.

"मी शपता घेतल्या. लोक म्हनले, आमी डोळ्यांनी बगितलं. वस्तादांनी त्या दिवसापास्नं माजं नाव घेतलं न्हाई. अकरा वर्सं झाली. मी बी तालमीची पायरी चढलो न्हाई." त्याने सदरा घातला. "मास्तर, तुमी सांगा त्येंना. शिकलेल्या मानसाचं ऐकतील."

तालीम गावाच्या टोकाला. सोपान बाहेर लिंबाखाली थांबला. मी आत पाय टाकला तोच अंधारातून आवाज आला, "पायतान भाईर."

मी ओशाळून मागे सरलो. सिनेमातला साहेबही बूट घालूनच हौदात उतरला होता, आणि तेव्हा मला ते खटकलं नव्हतं. अनवाणी आत गेलो. वस्ताद भिंतीला टेकून बसले होते. ऐंशीच्या घरातले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हौदातली माती भेगाळलेली. तिला ताक, तेल, हळद लागते. इथे प्यायला पाणी नव्हतं.

मी सगळं सांगितलं. फिल्मचा तुकडा, तो व्रण, गुळगुळीत पाठ. त्यांना दिसत नसताना तुकडा पुढेही धरला. त्यांनी तो बोटांनी चाचपला आणि परत दिला.

"पाठ त्याची न्हवती. ह्ये आज कळलं. बरं झालं सांगितलं," ते म्हणाले.

मला वाटलं, काम झालं.

"पर मास्तर, लंगोट बांदून हौदात उतरला की लबाडी करायची न्हाई. सायबाला ती नाटकाची जागा. आमाला न्हाई. ह्यो हरायचं ठरवून उतरला. मंग पाठ कुनाची का आसंना." त्यांनी माती चिवडली. "लई गुनी पोरगं हुतं."

मी पाया पडलो आणि बाहेर आलो.

सोपान दाराशीच उभा होता. आतलं सगळं त्याने ऐकलं होतं. काय समजूत घालावी याची मी जुळवाजुळव करत होतो.

"खरं हाय त्येंचं," तोच म्हणाला. मग काही पावलं चालल्यावर विचारलं, "गुनी म्हनले न्हवं?"

"म्हणाले."

"म्हंजी मी बरूबर ऐकलं."

फाट्यापर्यंत तो माझ्यासोबत आला. वाटेत माझी वहाण त्याने सुतळीने पक्की करून दिली. फिल्मचा तुकडा घेतला नाही. मी वही काढली आणि म्हणालो, "तुमचं पूर्ण नाव सांगा. मी छापतो. सिनेमात राहिलं ते पेपरात येऊ दे."

त्याने नाव सांगितलं. वडलांचंही सांगितलं. मग माझ्या पेन्सिलीवर हात ठेवला. "छापू नका. कुस्ती झाल्यावर जितल्याचं नाव पुकारत्यात. हरल्याचं कोन पुकारतं? तुमी इचारलं, तेवढं पुरं."

"मी नाही विचारलं," मी म्हणालो. "माझ्या बायकोने विचारलं होतं."

"मंग त्यांना सांगा."

गाडी आली. मी चढलो. ती आता नाही, हे त्याला सांगायचं राहूनच गेलं. खिडकीतून पाहिलं तर तो परत निघाला होता. फाट्यालाच दोन वाटा फुटतात, त्याच्या घराची डावीकडे जाते. तो सरळ, तालमीच्या वाटेने चालला होता. पायरी चढला की नाही, मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी पुण्याला पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. शेजारी दारातच होते. त्यांनी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. खेळांच्या सिनेमांवरचा लेख अजून अर्धाच आहे. साहेब कुठे चुकला ते लिहून झालं. त्या थेटरात मी हसलो होतो, तिथे येऊन अडलं आहे.

कुलूप काढलं, दिवा लावला. वहाण नेहमीच्या कोपऱ्यात ठेवली, सुतळीसकट. मग बायकोच्या खुर्चीसमोर उभं राहून पैलवानाचं नाव मोठ्याने घेतलं, वडलांच्या नावासह, पाटीवर यायला हवं होतं तसं.