आईचं विसरण

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास आईने सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी द्यायचं ठरवलं. नाशिकरोडला आमच्या कॉलनीत बालवाडी निघत होती आणि तिथे शिकवायला दहावी पास बाई हवी होती. आईचे बाकीचे विषय सुटले, विज्ञान तेवढं राहिलं. तेही आता सुटलं नाही तर जागा दुसरीला जाणार होती. मी अकरावी सायन्सला, म्हणून मास्तरकी माझ्याकडे आली. माझं डोकं तेव्हाही लवकर तापायचं.

पेशीचा धडा काढला तर पहिलाच शब्द विसरण. आई खूश. "हे मला न शिकता येतं. कालचा धडा केव्हाच विसरले." मी वैतागून सांगितलं, विसरण म्हणजे दाट असेल तिथून विरळ असेल तिकडे पसरणं. पुस्तकात अत्तराची बाटली दिलीय.

"अत्तर कोणाच्या घरी असतं? शेजारी सुकट भाजली की आपल्याकडे वास येतो, ते म्हण की."

परासरणासाठी मी वाटीभर पाण्यात बेदाणे टाकले. सालीचं पटल पाण्याला आत सोडतं, आतल्या साखरेला मात्र अडवतं, हे तिला दाखवायचं होतं. बेदाणे चांगले टम्म फुगले आणि मी पुस्तक आणेपर्यंत आईने खाऊन टाकले. "पटल कळलं," ती म्हणाली. "दारातल्या तुझ्या आत्यासारखं."

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, घोटीहून आमच्याकडे राहायला आलेली. दिवसभर उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसायची. आईच्या परीक्षेबद्दल ती चकार शब्द काढत नसे, म्हणून मला वाटायचं, तिला हे पसंत नाही. पण दुपारी गप्पांना येणाऱ्या बायकांना ती दारातूनच परत पाठवायची. "आत नाय जायचं. तिचं ते इसरण चालू हाय." माझ्या हातात चहाचा कप असला तर मला तेवढं आत सोडायची.

पेपरात विसरणाचं उदाहरण विचारलं आणि आईने सुकट लिहिली. मी कपाळाला हात लावला. तपासणारे शाकाहारी निघाले तर? निकाल लागेपर्यंत मला धड जेवण गेलं नाही.

निकालाच्या दिवशी आई गल्लीच्या तोंडाशी दिसली ती हसतच. पास! मला तिचं फार कौतुक वाटलं. बायका धावत आल्या आणि सवयीने दाराबाहेरच थांबल्या.

आत्याने मांडीवरचं सूप खाली ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि उंबऱ्यावरून बाजूला झाली.

"या गं समद्याजणी," ती म्हणाली. "आन् आता नावानं हाक मारायची नाय. बाई म्हणायचं तिला."