घडीचं लुगडं

माझ्या मामाच्या घरातून उभ्या जन्मात एकच गोष्ट बाहेर घालवली गेली, आणि ती म्हणजे बोहारीण. बिचारी त्या भागात नवखी होती. कुंडलच्या शिवारातल्या आमच्या मामाच्या मळ्यावर आली, भांड्यांची पाटी उतरवली आणि मामीला म्हणाली, "आक्का, जुनंपानं काय हाय का?" मामी बोलायच्या आत मामा गोठ्यातून बाहेर आला. "जुनं? ह्या घरात जुनं काय न्हाई बाय. हाय ते समदं वापरात हाय. उचल पाटी, हो म्होरं!" बोहारीण गेली. तिच्या पाटीतला पितळी तांब्या दिसेनासा होईपर्यंत मामी मात्र बांधाकडे बघत राहिली.

माणसाच्या घराला उकिरडा असतो. मामाच्या घराला उकिरडा म्हणून जी जागा होती तिथं नुसतं शेण. शेजारच्या मळ्यातल्या कोंबड्या मोठ्या आशेनं यायच्या, दोनदा उकरायच्या आणि मान वाकडी करून परत जायच्या. मुळात मामा म्हसवडकडचा, माणदेशी. पोटापाण्यासाठी पहिल्या लढाईत पलटणीत गेला, परत आल्यावर कुंडलला मळा घेतला, विहिरीला पाणी लागलं, ऊस उभा राहिला. पण ज्याच्या लहानपणी घागरभर पाण्यासाठी बाया कोसभर चालल्या, त्याच्या डोक्यातला दुष्काळ काही हटला नाही. उसाच्या पाटाला पाणी वाहत असताना हा गडी तोंड धुतलेलं पाणी तांब्यात धरायचा.

आंघोळीचीच गंमत सांगते. सगळ्यांच्या घरी न्हाणीचा दगड एका जागी असतो. मामाकडचा दगड परसभर फिरायचा. ज्या झाडाची पाळी, त्याच्या बुडाशी दगड, आणि भोवती तरटाचा आडोसा. मी साताऱ्याहून सुट्टीत गेले की सकाळी मामाला विचारायचं, "मामा, आज कुठं?" तो गंभीर तोंडानं म्हणायचा, "काल पपईला झालं. आज वांग्यात आंघूळ कर. आन् पाणी जरा हिकडं-तिकडं उडव, कडंची रोपं सुकल्यात." साताऱ्याच्या मैत्रिणींना मी हे कधी सांगितलं नाही. वांग्यात आंघोळ केली म्हणून सांगायचं तरी कसं?

मामाच्या धोतराला किती जन्म होते ते चित्रगुप्तालाच ठाऊक. धोतर विरलं की त्याचा पंचा, पंचा विरला की ताकाचं गाळणं, गाळणं फाटलं की पाटीखालची चुंबळ, चुंबळ झिजली की चुलीपाशी पोतेरं, आणि पोतेऱ्याचाही जीव गेला की त्याचा पिळून काकडा. काकडा जळला तरी सुटका नाही. त्याच्या राखेनं भांडी घासायची आणि ती राखाडी अळूच्या बुडाशी ओतायची. अळूचं फदफदं मामी फार सुरेख करायची. म्हणजे हिशेबानं मामाचं धोतर शेवटी आमच्याच पोटात जायचं, आणि वर आम्ही बोटं चाटायचो.

पलटणीतला कोटही असाच. मामाच्या अंगावर तो मावेना तेव्हा त्यानं त्याची पांढऱ्या बैलाला झूल शिवली, पितळी बटणांसकट. बटणं तरी कशाला काढायची? थंडीत बैल गोठ्यात असा ऐटीत उभा असायचा की रजेवर आलेल्या शेजारच्या एका शिपाईगड्यानं त्याला टाचा जुळवून सलाम ठोकला. मामा हसला नाही. म्हणाला, "ठोक की. तुझ्यापरीस नोकरी जास्ती झालीया त्येची."

मग दुसरी लढाई सुरू झाली. रॉकेल मिळेना, कापड कंट्रोलात गेलं. काटकसर करा म्हणून सांगायला कुणी अंमलदार चावडीत आला तेव्हा सगळ्यांनी मामाकडं बघितलं. मामा उठून म्हणाला, "सरकारला आत्ता उमगलं व्हय? बरं झालं. यिऊ द्या एकदा मळ्यावर, दावतो." अंमलदार आला नाही. आला असता तर त्यालाही वांग्यात आंघोळ घातली असती.

आता त्या लुगड्याचं सांगते. म्हसवडच्या जत्रेत मामानं मामीसाठी एक गर्भरेशमी इरकल घेतली होती. गर्द हिरवी, तांबडा पदर. एवढा चिकट माणूस, पण घेतली तेव्हा दुकानदाराशी घासाघीससुद्धा केली नाही म्हणे. आमच्यात नव्या लुगड्याची घडी मोडायची म्हणजे सणवार लागतो, कुंकू लावून, देवापुढं ठेवून नेसायचं. पण मामाच्या घरचा कायदा वेगळा. अंगावरचं फाटल्याशिवाय नव्याची घडी मोडायची नाही. मामी दर पाडव्याला पेटी उघडायची, लुगडं मांडीवर घ्यायची आणि लाडानं विचारायची, "आवं, ह्या पाडव्याला न्येसू का?"

"अंगावरचं फाटलंय का?"

"न्हाई."

"मग? पळून चाललंय का त्ये? आसू दे घडीला."

मामी हसायची. तिला राग म्हणून यायचाच नाही, हेच तिचं चुकलं असं मला आता वाटतं. लुगड्यात ती कडुनिंबाचा पाला घालायची, तीच घडी, त्याच वळ्या, आणि पेटी लावून टाकायची. जाताना पदरावरून एकदा हात फिरवायची.

एका दिवाळीला मात्र तिनं डाव टाकला. अंगावरचं लुगडं मुद्दाम गोठ्याच्या खिळ्याला अडकवलं आणि टर्रकन ओढलं. मी बघत होते. मला डोळा मारून ती मामापुढं उभी राहिली. "आवं, फाटलं बगा!" तोंडावर नुसतं हसू. मामानं चष्मा लावला, सुई मागितली, त्याच लुगड्याच्या काठाकडून धागे ओढून काढले आणि ओसरीवर बसून असा काही रफू केला की फाटलेलं कुठं ते शोधून सापडेना. "घे," म्हणाला, "नव्यावाणी झालं. धा वर्सं मरनार न्हाई आता." मी पोट धरून हसले. मामीही हसली, पण फराळाला बसायच्या आधी पेटी उघडून त्या तांबड्या पदरावरून हात फिरवून आली.

लढाई संपायच्या सुमाराला, ऐन श्रावणात मामीला ताप भरला. वैद्याचे काढे झाले, बैलगाडीतून डॉक्टर आणला, तो नुसती मान हलवून गेला. आई आणि मी साताऱ्याहून पोचलो तेव्हा ती शुद्धीवर होती. माझा हात धरून म्हणाली, "बरी झाले का पाडव्याची वाट बगायची न्हाई बग. न्येसनारच." मामा उंबऱ्यात बसला होता. तो म्हणाला, "व्हय, व्हय. आदी ऊट तर खरी."

ती उठली नाही. भाग्याची, अहेवपणी गेली म्हणून बाया रडत बोलायला लागल्या. अहेवपणी गेलेल्या बाईला नवं हिरवं लुगडं नेसवून, मळवट भरून पाठवायची रीत. ते यायचं माहेराहून, आणि तिचं माहेर म्हसवडच्याही पलीकडं, त्यांचं लुगडं काही वेळेत पोचणार नव्हतं. मामा म्हणाला, "बाहेरचं कशापायी? घरात हाय की तिचं." त्यानं स्वतः पेटी उघडली. लुगडं दोन्ही हातांवर घेतलं, आईनं टोक धरलं आणि घडी उलगडली. नुसता सर्र असा आवाज आला. वर्षानुवर्षं त्याच वळीवर पडून रेशीम विरलं होतं. लुगडं घडीघडीवर सुटलं आणि त्याच्या पट्ट्या मामाच्या पायाशी पडल्या. रंग मात्र काल रंगवल्यासारखा होता.

मामा खाली बसला. दोन पट्ट्या उचलून शेजारी शेजारी लावून बघायला लागला. शिवता येईल का, हे तो बघत होता! कंट्रोलच्या दिवसांत नवं लुगडं आणायचं कुठून? शेवटी शेजारच्या मळ्यातल्या म्हातारीनं स्वतःच्या लेकीसाठी ठेवलेलं काढून दिलं. ज्यानं कुणाची सुई कधी उसनी आणली नाही, त्याची बायको उसन्या लुगड्यात गेली. मामानं त्या हिरव्या पट्ट्या गोळा केल्या आणि एकन् एक तिच्या अंगावर घातल्या. वाकळेला एकसुद्धा ठेवली नाही.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, तेही साताऱ्यातच. पूजेच्या दिवशी मामा आला, बगलेत कागदाचं पुडकं. आत कोरं इरकली लुगडं. कुठून मिळवलं ते त्यानं सांगितलं नाही. मी पाया पडले आणि आमच्या बायकांच्या सवयीप्रमाणे ते पेटीत ठेवायला वळले. मामा एकदम ओरडला, "पेटीत न्हाई! न्येस."

"मामा, दिवाळीला नेसते ना."

"दिवाळी कुनी बगितलीया? आत्ता न्येस. आन् न्येसून चुलीपाशी बस. डाग पडू देत."

घरची माणसं बघत राहिली. मी नेसून आले. मामानं धड बघितलंही नाही, नुसती मान हलवली आणि बाहेर जाऊन बसला.

ते लुगडं मी सणाला नेसले, तशी पाण्याला जातानाही नेसले. हळदीचे डाग पडले, काठ पिवळट झाले. एकदा मळ्यावर गेले असताना उसाच्या पानाला अडकून ते गुडघ्यावर फाटलं. सवयीनं मी ते मुठीत लपवलं. आता हा काय बोलेल! मामानं चष्मा लावला, फाटलेला काठ बोटांत धरला आणि त्यावरच्या हळदीच्या डागावरून अंगठा फिरवला.

"तुज्या मामीचं आसं न्येसून फाटाय पायजे हुतं गं," तो म्हणाला.

मग त्यानं सुई मागितली.