अक्काचं रिकामं ताट

अक्काची आणि माझी पहिली भेट भांडणानं झाली. मी सोलापुरातल्या एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ आहे. कोणत्या पेशंटनं काय आणि किती खायचं ते ठरवून त्याचा कागद खाटेला लावायचा, हे माझं काम. अक्काच्या खाटेला मी कागद लावला, तसा तिनं तो काढून घेतला, चष्मा चढवला, सावकाश वाचला आणि माझंच पेन मागून त्यातल्या दोन ओळी खोडल्या. "ही उसळ रातच्याला दिलीस तर पोट फुगंल बाई माजं. दुपारी दे. आन् ह्ये सूप कुणी पीत न्हाय हितं. समदी बेसिनात वततात, मी बघितलंय की." खोडलेल्या ओळींच्या खाली माझी सही होती. मला भयंकर राग आला.

ही बाई खानावळ चालवते, हे मला संध्याकाळी कळलं. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. कॉलेजच्या मागच्या गल्लीत तिनं तीसेक वर्षं भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलांना जेवू घातलं होतं. माणूस जेवलेला आहे की उपाशी, हे ती चेहऱ्यावरून ओळखायची. वॉर्डातही तिची ही खोड सुटली नव्हती. राउंडला आलेल्या सिस्टरला ती सरळ सांगायची, "डबा तसाच हाय न्हवं तुजा? जा, दोन घास खाऊन ये. मी कुटं पळून जात न्हाय." आणि डबा खरोखर तसाच असायचा. चार दिवसांत मीही तिच्या खाटेशी रेंगाळायला लागले.

अक्काची आतड्यातली गाठ आदल्या वर्षीच काढली होती. आता यकृतात गाठी निघाल्या होत्या. उजव्या बाजूला मोठ्या, डाव्या बाजूला दोन बारक्या. सगळं एकदम कापलं तर मागे उरलेलं यकृत जगायला पुरणार नव्हतं. म्हणून आमच्या सर्जननी दोन टप्प्यांचा बेत केला. पोट न फाडता, छोट्या छिद्रांतून दुर्बीण घालून आधी डावीकडच्या दोन गाठी काढायच्या आणि उजव्या बाजूला रक्त नेणारी मोठी शीर बंद करायची. मग ते रक्त डावीकडे वळतं आणि डावी बाजू वाढायला लागते. ती पुरेशी वाढली की दुसऱ्या ऑपरेशनला उजवी बाजू काढून टाकायची. हे सगळं सरांनी कागदावर चित्र काढून समजावलं.

"आन् डावीकडचं वाढलंच न्हाय तर?" अक्कानं विचारलं.

सरांनी पेन खाली ठेवलं. "तर दुसरं ऑपरेशन करता येणार नाही, अक्का. गाठी आतच राहतील."

"मग वाढवू की," अक्का म्हणाली आणि चित्राचा कागद घडी घालून उशीखाली ठेवला.

पहिलं ऑपरेशन छान झालं. तिसऱ्या दिवशी अक्का वॉर्डात फेऱ्या मारत होती. घरी एकटी राहणार म्हणून सरांनी तिला दवाखान्यातच ठेवून घेतलं. आता पाळी माझी होती. यकृत वाढायचं तर पोटात नीट जेवण जायला हवं. डाळी, पनीर, उसळी, दही, जे जे बसवता येईल ते मी तिच्या ताटात बसवलं. ताट रोज लख्ख रिकामं परत यायचं. मी वहीत रोज 'पूर्ण' असं लिहायची. वर अक्का शाबासकी द्यायची, "तुजं वरण सुदारलं गं पोरी. काल मीठ कमी होतं, आज बराबर पडलं." मी खूश.

दोन आठवड्यांनी स्कॅन झाला. सरांनी मला बोलावून पडद्यावर दाखवलं. डावी बाजू जेमतेम वाढली होती.

"जेवते ना नीट?"

"सगळं जेवते, सर. ताट रिकामं असतं."

"आणखी दोन आठवडे थांबू," सर म्हणाले. "तेवढ्यात वाढलं तर वाढलं."

मी तशीच वॉर्डात गेले. अक्काला मी काहीही न लपवता सगळं सांगितलं. शेजारच्या खाटेजवळ बसलेली कमल एकदम रडायला लागली. ही श्रीपूरची; सासूला घेऊन आलेली. पेशंटला ताट मिळायचं, सोबत राहणाऱ्याला नाही.

"ताई, अक्काचं ताट मी खाते हो. ऑपरेशन झाल्यापासनं. त्या नुसत्या दूध आन् केळ्यावर हायत. म्हनल्या, मला उपास हाय, तू खा. वरण कसं झालंय त्ये तेवडं इच्यारायच्या."

मी अक्काकडे बघितलं. ती चोरी पकडल्यासारखी हसली आणि हात गळ्याशी नेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तिथं काहीच नव्हतं. पहिल्या दिवशी तिच्या गळ्यात चांदीची छोटी डबी होती. अक्का लिंगायत; त्या डबीत तिचं इष्टलिंग असायचं. लहानपणी दीक्षा घेतल्यापासून ते तिच्या अंगावर होतं, आणि रोज त्याची पूजा केल्याशिवाय ती जेवत नसे. ऑपरेशनला नेताना सिस्टरनं ते काढून तिच्या धाकट्या भावाकडे, बसवराजकडे दिलं. दवाखान्यात हरवलं-बिरवलं तर काय घ्या, या भीतीनं तो ते गावी, मंद्रूपला घेऊन गेला आणि घरच्या देव्हाऱ्यात ठेवलं.

"ते अंगावर नसताना घास कसा उतरंल, पोरी? दुधा-फळावर मी लई उपास काढलेत. म्हनलं, हेबी निघंल."

"मग त्याला परत आणायला का नाही सांगितलं?"

"रोज सांजच्याला येतो आन् सांगतो, अक्का, काळजी करू नको, तुझी पूजा मीच करतोय, चुकवत न्हाय. सांगताना त्याचं तोंड कसं फुलतं ते बघितलं असतंस तर तूबी बोलली नसतीस."

मला तिचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. मी दोन आठवडे ताटं तपासत होते. एकदाही तिच्याजवळ जेवणाच्या वेळी बसले नव्हते.

मी बसवराजना फोन केला. तासाभरात ते मोटरसायकलवरून आले. शर्टाच्या आतल्या खिशात डबी होती आणि तिच्यावर हात दाबून धरलेला. तसेच खाटेशी येऊन उभे राहिले. अक्का त्यांच्याशी कानडीत एवढंच बोलली, "बसू, ऊटा आतेन?" जेवलास का. तो पन्नाशीचा माणूस तिथं ढसाढसा रडला.

लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात, आणि अक्काच्या डाव्या हाताला स्कॅनच्या वेळी लावलेली सलाइनची सुई होती. सिस्टरनं काही न विचारता ती काढली आणि उजव्या हाताला लावली. सुईमुळं अंघोळ करता येत नव्हती, म्हणून अक्कानं अंगाला विभूती लावली. पूजा संपल्यावर तिनं ताट पुढं ओढलं. मी स्टूल घेऊन समोर बसले. सुईच्या हातानं भाकरी मोडत ती म्हणाली, "वरणात मीठ जास्त झालंय गं." कमलसाठी मी त्या दिवसापासून वेगळं ताट सुरू केलं.

पुढच्या स्कॅनला डावी बाजू हवी तेवढी वाढलेली दिसली. दुसरं ऑपरेशनही दुर्बिणीनंच झालं. या वेळी बसवराज डबी हातात धरून ऑपरेशन थिएटरच्या दाराशी बसले होते. ते जेवले नाहीत आणि मीही त्यांना जेवा म्हटलं नाही.

त्यानंतर अक्का चार वर्षं जगली. तीन वर्षं तर खानावळीत रोज चुलीपुढं होती. मी महिन्यातून एकदा तिथं जेवायला जायची. नव्या मुलांना ती माझी ओळख करून द्यायची, "ही दवाखान्यातली. हिच्यापुढं ताटात काय टाकायचं न्हाय बरं." मुलं घाबरून जेवायची. आईची माया म्हणतात ती मला तिच्याकडून मिळाली. माझं लग्न, माझी बदलीची कटकट, माझी ॲसिडिटी, सगळं तिला ठाऊक असायचं.

मग आजार फुप्फुसात उलटला. सरांनी आता करण्यासारखं काही नाही म्हणून सांगितलं आणि बसवराज तिला मंद्रूपला घेऊन गेले. एका रविवारी मी गेले, तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. हात काटकीएवढे झालेले. भावजयीनं आंबील करून आणली. मी वाटी घेतली, चमचा भरला आणि सवयीनं सुरू झाले, "अक्का, थोडं तरी घ्या. दोन चमचे."

अक्कानं माझं मनगट धरलं. हातात जोर नव्हता.

"नको पोरी. तवा तुला फसवलं. या खेपेला सांगून सोडतेय की."

माझ्या वहीत या वाक्यासाठी रकाना नव्हता. मी चमचा वाटीत ठेवला, वाटी खाली ठेवली आणि तिच्याजवळ बसून राहिले.